रोजच्या ताणावर ध्यान: पहिल्या पाच मिनिटांपासून पुढच्या आठ आठवड्यांपर्यंत

नव्याने ध्यानाला बसणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: "विचार थांबतच नाहीत." तीन-चार दिवस झटापट होते आणि मग "हे आपल्याला जमणारं नाही" असा निकाल लावून तो विषय बंद होतो. गंमत अशी, की विचार थांबवायला कुणी सांगितलेलंच नसतं. करायचं एवढंच असतं: लक्ष एका ठिकाणी ठेवायचं, ते निसटलं की निसटल्याचं ओळखायचं आणि न चिडता परत आणायचं. पाच मिनिटांत लक्ष तीस वेळा निसटलं आणि तीसही वेळा परत आणलं, तर तीस वेळा सराव झाला. आसन, वेळ, मोजणी ही सगळी पुढची व्यवस्था या 'परत आणण्या'साठीच आहे.

ताणात शरीराचं काय होतं आणि श्वासच का

अचानक काही अंगावर आलं, की शरीर ॲड्रेनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल सोडतं. ठोके वाढतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, खांदे वर चढतात, दात आवळले जातात. पळायला किंवा लढायला ही तयारी उत्तमच. संकट गेलं की काही वेळात ती उतरते. रोजच्या ताणात मात्र संकट बहुतेक वेळा डोक्यात असतं. कामाच्या ठिकाणचं कुणाचं तरी बोलणं सकाळी दहा मिनिटांत संपतं. पण त्याची उजळणी रात्री अंथरुणात पडेपर्यंत चालू राहते आणि शरीर प्रत्येक उजळणीला तेवढ्याच इमानाने उत्तर देतं.

ही उजळणी किती चालते, याचा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित फोनवर प्रश्न पाठवले: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं आणि भटकलेल्या मनाची माणसं कमी आनंदात होती. तेव्हा मन भटकतं हा तुमचा खास दोष नाही. तो मनाचा नेहमीचा उद्योग आहे.

श्वासाचा उपयोग दोन कारणांनी होतो. एक म्हणजे तो कायम सोबत असतो, त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. दुसरं कारण शरीराचं. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने ती किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबवला, की शरीर विश्रांतीकडे झुकायला मदत होते. इच्छा केली म्हणून ठोके कमी होत नाहीत. श्वास मात्र आपल्या हातात असतो.

फायदा किती, याबद्दलही आधीच स्पष्ट बोललेलं बरं. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ध्यानाच्या सरावाने चिंता, उदासी आणि वेदना यांत थोडी ते मध्यम स्वरूपाची सुधारणा दिसली. पण व्यायाम किंवा औषधं यांसारख्या इतर उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, असं काही त्यात आढळलं नाही. म्हणजे हा चमत्कार नाही, पण उपयोगाची सवय नक्की आहे. आणि ताणाचं कारण जर न झेपणारं काम किंवा अपुरी झोप असेल, तर त्याचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो. ध्यानाने फार तर तो डोकं शांत ठेवून करता येईल.

वेळ आणि जागा

सुरुवात रोज पाच मिनिटांनी करा. वीस मिनिटांचा संकल्प पहिल्या आठवड्यातच मोडतो, कारण घाईच्या दिवशी वीस मिनिटं खरंच नसतात. पाच मिनिटं मात्र नाहीत असं म्हणताना आपल्यालाच लाज वाटते.

घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट धरा आणि तिच्या लगेच नंतर बसा. दात घासल्यावर, आंघोळीनंतर, किंवा कामावरून येऊन कपडे बदलल्यावर. सकाळी बसणार असाल, तर फोन बघण्याआधी बसा. एकदा निरोप वाचले, की पुढची पाच मिनिटं त्यांची उत्तरं जुळवण्यात जातात. भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास बसू नका, झोप येते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या केलेला सराव झोपेसाठी छान, पण त्याला मुख्य बैठक समजू नका.

निवांत खोली मिळालीच पाहिजे असं नाही. पंख्याचा, रहदारीचा, शेजारच्या टीव्हीचा आवाज चालतो. अडचण होते ती तुमच्याशी थेट बोलणाऱ्या आवाजाची. घरच्यांना "पाच मिनिटं हाक मारू नका" एवढं सांगून ठेवा.

टायमर हवाच. तो नसेल तर दर मिनिटाला डोळे उघडून घड्याळ बघितलं जातं. फोन वापरायचा असेल तर विमान मोडवर टाका, सौम्य आवाजाचा गजर लावा आणि तो हाताला लागणार नाही असा पाठीमागे ठेवा. कर्कश गजर लावू नका. पाच मिनिटांत निवळलेलं अंग एका दचक्यात पुन्हा आखडतं.

बसायचं कसं

आसनाचा नियम एकच: पाठ आधाराशिवाय सरळ राहिली पाहिजे आणि तरीही अंग सैल असलं पाहिजे. पद्मासन जमत नसेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. ओढूनताणून घातलेल्या पद्मासनाचा ताण गुडघ्यावर येतो.

जमिनीवर मांडी घालून बसणार असाल, तर नितंबांखाली घट्ट उशी किंवा घडी घातलेली जाड चादर घ्या, दाबल्यावर आठ-दहा सेंटिमीटर उंच राहील अशी. तिच्या पुढच्या कडेवर बसा. गुडघे कमरेपेक्षा खाली यायला हवेत. गुडघे वर राहिले, तर कटी मागे कलते, कंबर गोल होते आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पाठ भरून येते. 'मला बसवत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण एवढीच असते. गुडघे जमिनीला टेकत नसतील तर त्यांच्याखालीही काहीतरी सारा. लोंबकळता गुडघा मांडीचे स्नायू ओढत राहतो.

खुर्ची तितकीच चांगली. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळवे पूर्ण टेकलेले, दोन पायांत कमरेएवढं अंतर. पाय पोचत नसतील तर खाली पाट किंवा जाड पुस्तक घ्या. कंबर दुखत असेल तर पाठीशी उशी लावून टेका, त्यात काही कमीपणा नाही. सोफा मात्र टाळा. त्यात माणूस खचतो आणि पेंगतो.

मग वरून खाली एकदा तपासा. हनुवटी अगदी थोडी आत. जबडा सैल, दातांवर दात दाबलेले नाहीत, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकी लागलेली. खांदे एकदा कानांपर्यंत वर नेऊन सोडून द्या. हात मांड्यांवर, पण फार पुढे नकोत, नाहीतर खांदे खाली खेचले जातात. डोळे मिटा, किंवा मिटल्यावर अस्वस्थ वाटत असेल तर अर्धवट उघडे ठेवून एक-दीड मीटरवर जमिनीकडे नजर सैल सोडा. मुद्रा कोणती, हा प्रश्न पुष्कळ विचारला जातो. ताणासाठी बसताना बोटं कशी जुळवली याने फरक पडत नाही.

पहिली पाच मिनिटं

पहिला एक मिनिट श्वास मुद्दाम लांबवा. नाकाने चार अंक मोजत घ्या, सहा अंक मोजत सोडा. एका श्वासाला साधारण दहा सेकंद, म्हणजे मिनिटात सहा श्वास. छाती फुगवून खूप हवा भरू नका. नेहमीएवढाच श्वास, फक्त संथ. चार-सहा जड वाटलं तर तीन-पाच करा. डोकं हलकं झालं किंवा ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा घेताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि गरगरतं. मोजणी सोडा, नेहमीसारखा श्वास चालू द्या, मिनिटभरात ठीक वाटेल.

दुसऱ्या मिनिटापासून श्वासावरचा ताबा सोडून द्या. आता तो जसा चाललाय तसा चालू द्या आणि तो शरीरात नेमका कुठे जाणवतो ते शोधा. काहींना नाकपुडीच्या कडेला, आत जाणारी हवा थंड आणि बाहेर येणारी कोमट अशी. काहींना छातीत. बऱ्याच जणांना पोटाच्या हालचालीत. एक जागा निवडा आणि निदान या बैठकीपुरती बदलू नका. पोट निवडलंत तर पहिल्या काही दिवसांत त्यावर हात ठेवला तरी चालेल, हालचाल चटकन कळते.

आता मोजणी. प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी मनात एक अंक: एक, दोन, तीन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. अंक हळू आणि पुसट ठेवा. बहुतांश लक्ष पोटाच्या किंवा नाकाच्या जाणिवेवर हवं, अंक नुसता आधार. मोजणी चुकली, तर एकवर या. तेरा-चौदावर गेल्याचं कळलं, तर तोंड मोजत होतं आणि मन भलतीकडे होतं. तरी एकवर या. पहिल्या आठवड्यात दहापर्यंत एकदाही पोचला नाहीत, तरी बैठक वाया गेली असं नाही.

मन निसटल्याचं कळलं, की ते कुठे गेलं होतं याला एका शब्दाचं नाव द्या: 'बेत', 'आठवण', 'काळजी', 'आवाज'. एकच शब्द आणि लगेच श्वासाकडे. नाव दिल्याने विचारापासून बोटभर अंतर पडतं. 'कामाचा विचार का आला? हो, परवा ते राहिलं ना...' अशी चौकशी सुरू केली, की पुन्हा वाहून जाणं आलंच. इथली गोम अशी, की निसटल्याचं कळतं त्या क्षणी मन आपोआप हजर झालेलं असतं. त्यावर स्वतःला बोल लावणं म्हणजे नेमक्या बरोबर केलेल्या कामाची शिक्षा देणं.

शेवटचा अर्धा मिनिट मोजणी सोडा. आजूबाजूचे आवाज ऐकू येऊ द्या, बैठकीचा जमिनीला किंवा खुर्चीला होणारा स्पर्श जाणवू द्या. गजर झाल्यावर ताडकन उठू नका. बोटं हलवा, डोळे उघडा, मग उठा.

कुठे बिनसतं

श्वास बघायला लागलं की तो अडखळतो, ही सर्रास येणारी अडचण. लक्ष गेलं की ताबा येतोच. त्याच्याशी भांडू नका. उच्छ्वास संपल्यावर जी छोटीशी थांबण्याची जागा असते तिथे लक्ष न्या आणि पुढचा श्वास आपणहून यायची वाट बघा. तेवढ्याने जमलं नाही, तर काही दिवस श्वास सोडून तळहातांची ऊब किंवा तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श धरा. छातीत धडधड होणाऱ्या, श्वासाचा त्रास असणाऱ्या किंवा घाबरेपणाचे झटके येणाऱ्या माणसांना श्वासावर लक्ष दिल्याने उलट भीती वाटू शकते. त्यांनी पहिल्या दिवसापासूनच पाय किंवा आवाज धरावेत.

झोप येत असेल, तर आधी रात्रीची झोप मोजा. सहा तासांच्या आत असेल तर ध्यानाचं काही चुकलेलं नाही, शरीर थकबाकी वसूल करतंय. झोप पुरेशी असूनही पेंग येत असेल, तर डोळे अर्धवट उघडा, पाठीचा टेका काढा, उजेडात बसा किंवा सरळ उभं राहून करा. दुपारची जेवणानंतरची वेळ तर सोडाच.

पायाला मुंग्या आल्या तर पाय हलवा. गुडघ्यामागे किंवा घोट्यापाशी मज्जातंतू दबल्याने त्या येतात, त्या सोसण्यात कसलंही तप नाही. हलवायचं ते सावकाश: आधी 'हलवायचंय' हे ओळखा, मग हलवा, मग श्वासाकडे या. खाज सुटली तर मात्र तीन-चार श्वास तिच्याकडे नुसतं बघा. बऱ्याचदा ती वाढते, टोकाला जाते आणि ओसरते. नाहीच ओसरली तर खाजवा.

"पहिल्यापेक्षा विचार वाढलेत" असं दुसऱ्या आठवड्यात अनेकांना वाटतं. ते वाढलेले नसतात; बंद खोलीतला दिवा लावल्यावर धूळ दिसावी, तसे दिसायला लागलेले असतात. यावर उपाय काहीच नाही, बसत राहायचं.

एखाद्या दिवशी मन फार छान लागतं आणि दुसऱ्या दिवसापासून तोच अनुभव पुन्हा मिळवण्याची धडपड सुरू होते. सराव सुटण्याचं हे एक मोठं आणि दुर्लक्षित कारण. कालच्यासारखं होण्याची वाट बघणं हासुद्धा विचारच. त्याला 'अपेक्षा' म्हणा आणि एकवर या.

ॲपवरच्या आवाजाच्या सूचनांनी सुरुवात सोपी होते, त्याला हरकत नाही. पण पार्श्वसंगीताची सवय लावून घेऊ नये असं आमचं मत आहे. संगीताने बरं वाटतं ते संगीतामुळे. मग ताण आलेल्या क्षणी, जिथे ना कानात इअरफोन असतात ना पाच मिनिटं, तिथे काहीच हाताशी राहत नाही.

बसवतच नाही अशा दिवशी

अंगात इतकी अस्वस्थता असते की बसणं म्हणजे छळ, असे दिवस येतात. तेव्हा चाला. खोलीत दहा-पंधरा पावलांची सरळ वाट ठरवा. नेहमीपेक्षा निम्म्या वेगाने चाला आणि पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं, एवढं तळव्याच्या स्पर्शातून कळू द्या. टोकाला पोचल्यावर थांबा, एक श्वास, वळा. नजर दोन-तीन मीटर पुढे, पायांकडे नको, मान दुखते. मोजणी हवी असेल तर पावलांची करा.

दिवसभराचा शीण अंगात साठला असेल, तर आडवं पडून शरीरभर लक्ष फिरवणं जास्त सुखाचं. पाठीवर पडा, गुडघ्यांखाली उशी. डाव्या पायाची बोटं, तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय. मग कंबर, पोट, छाती, पाठ. दोन्ही हात बोटांपासून खांद्यांपर्यंत. शेवटी मान, जबडा, डोळ्यांभोवतीचा भाग, कपाळ. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास थांबा. दहा-बारा मिनिटं लागतात. एखादा भाग सैल करायलाच हवा असं नाही. जिथे काहीच जाणवत नाही तिथे 'काही जाणवत नाही' एवढं कळलं तरी पुरे.

दिवसभरात तीन श्वास

सकाळची पाच मिनिटं आणि दुपारचा ताण यांची गाठ पडली नाही, तर सगळी मेहनत बैठकीपुरतीच राहते. म्हणून दिवसातली दोन-तीन ठिकाणं नक्की करा: फोन उचलण्याआधी, लिफ्टची वाट बघताना, संगणक सुरू होईपर्यंत. तिथे तीनच श्वास. पहिल्या श्वासाला खांदे आणि जबडा कुठे आहेत ते बघा, दुसरा लांब सोडा, तिसऱ्याला तळवे जाणवू द्या. चिडून एखाद्याला उत्तर लिहायला घेतलं असेल, तर 'पाठवा' दाबण्याआधी हेच. यात वीस-तीस सेकंद जातात आणि समोरच्याला काही कळतही नाही.

केव्हा थांबायचं

बसल्यावर जुन्या आघाताची दृश्यं वारंवार अंगावर येत असतील, स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखं वाटत असेल, धडधड वाढतच असेल, तर डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, उठून पाणी प्या आणि सराव थांबवा. पुढे मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. नैराश्य, चिंताविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर बरं वाटायला लागलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत. छातीत दुखणं, दम लागणं यांना 'ताण आहे' म्हणून ध्यानावर निभावून नेऊ नका, डॉक्टरकडे जा.

आठ आठवडे

पहिले दोन आठवडे पाच मिनिटंच, कितीही छान वाटलं तरी. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात आठ. नंतर दहा-बारा, आणि आठव्या आठवड्यापर्यंत पंधरा. मिनिटं वाढवण्याची खूण सोपी आहे: गजर झाल्यावर 'अरे, झालं?' असं वाटायला लागलं, की वाढवा. 'सुटलो' असं वाटत असेल तर आहे तिथेच राहा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, तोही आठ आठवड्यांचाच आहे. तिथे मात्र घरचा सराव रोज पाऊण तासाच्या आसपास असतो. घरच्या घरी सुरुवात करताना त्या आकड्याच्या मागे लागू नका.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायचं नाही, नेहमीएवढंच बसायचं. सलग दोन दिवस चुकू लागले, तर वेळ चुकीची निवडली आहे असं समजा आणि सराव दुसऱ्या एखाद्या कामाला जोडा. कॅलेंडरवर बसलेल्या दिवशी फुली मारा, बस. 'आज मन किती लागलं' याचे गुण देऊ नका. ती सवय लागली की प्रत्येक बैठक परीक्षा होते.

परिणाम बैठकीत शोधू नका, बाहेर शोधा. आवळलेला जबडा दुपारीच लक्षात येतो का? राग आल्याचं ओरडण्याच्या आधी कळतं का? रात्रीची उजळणी तासावरून वीस मिनिटांवर आली का? नियमित बसूनही आठ आठवड्यांत यातलं काहीच हललं नाही, तर मिनिटं वाढवत बसण्याऐवजी पद्धत बदला: श्वास धरत असाल तर चालणं, चालणं धरत असाल तर शरीरभर लक्ष फिरवणं, आणि तीही चार आठवडे रोज. त्यानंतरही झोप, भूक किंवा काम यांवर ताणाचा परिणाम होतच असेल, तर समुपदेशकाची भेट ठरवा. बसणं त्याच्या जोडीला चालू ठेवता येतं.